भरमारचा खोकला

निवडणूक लागली की आमच्या देवरीकडच्या बंदुका ठाण्यात जातात. ग्रामपंचायत असो की लोकसभा, निरोप येतो आणि परवान्याच्या सगळ्या बंदुका जमा कराव्या लागतात. मतं मोजून झाली, गुलाल उडून झाला की परत मिळतात. बाबा म्हणायचे, बंदूक माहेरपणाला गेली. मला हे माहेर कधी पटलं नाही. तिथं तिला कोणी तेल लावत नसे, आणि परत आणली की नळीतून कोळ्याचं जाळं निघायचं.

जमा करायचा दिवस मात्र मोठ्या मजेचा. सकाळपासून ठाण्याच्या व्हरांड्यात म्हातारे गोळा व्हायचे. कोणाची बंदूक घोंगडीत गुंडाळलेली, कोणाची बायकोच्या जुन्या लुगड्यात. हवालदार हाक मारेपर्यंत बाकावर बसायचं, तंबाखू मळायची आणि आपापल्या बंदुकीचे गोडवे गायचे. शिकार बंद होऊन जमाना झाला, पण शिकारी काही बंद झाले नाहीत. आता यांच्याकडे परवाना पीक राखायचा, आणि काम आवाज करून डुकरं पळवायचं. पण गप्पा ऐकाल तर वाटेल, कालच जंगलातून आलेत. दर निवडणुकीला त्यांच्या गोष्टीतलं रानडुक्कर थोडं मोठं व्हायचं.

मी बाबांना स्कूटीवर घेऊन जायची. मागं बाबा, त्यांच्या मांडीवर आडवी बंदूक. घरात धाकटा भाऊ होता, पण तो गोंदियाला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. मी लग्न केलं नाही, शेती केली. गावाला याचं फार दुःख. मला नाही.

व्हरांड्यात तिघांची बैठक ठरलेली. पहिले दुनाळीवाले काकाजी. आमच्या गावचा तलाव त्यांच्या आजा-पणजांनी बांधलेला, त्यामुळे पाण्याइतकीच गावातली हवाही आपलीच, असं त्यांना वाटतं. त्यांची दोन नळ्यांची काडतुसाची बंदूक, आजोबांच्या वेळची, विलायती. ती ते कापडातून काढायचे तेव्हा आजूबाजूचे आपोआप सरकून जागा करायचे. दुसरे जंगलाच्या कडेच्या गोंड गावातले मामाजी. त्यांची भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद ओतून गजानं ठासून भरायची जुन्या पद्धतीची बंदूक. तिचा मूळचा दस्ता मोडला, तेव्हा त्यांनी बिजाच्या लाकडाचा नवा कोरून बसवला होता, स्वतःच्या खांद्याच्या मापाचा. तिसरे बाबा. त्यांचीही भरमारच. दस्त्याला मुठीजवळ तडा गेलेला आणि त्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली.

"बार असावा त दुनाळीचा," काकाजी सुरू करायचे. "तलावापल्याडच्या बांधीत डुकरं असन तरी पयतेत. तुमची भरमार म्हणजे बुढ्याचा खोकला."

"खोकला त खोकला," बाबा म्हणायचे. "डुकराले कोणी सांगतलं का, हा विलायती होय अन् हा देशी?"

मामाजी फारसं बोलत नसत. बंदूक मांडीवर घेऊन दस्त्यावरून हात फिरवत म्हणायचे, "मायी हलकी होय. खांद्यावर आहे का नाही समजतच नाही. पण दुसऱ्यानं धरली त गालावर मारते."

"माहीत आहे," काकाजी म्हणायचे. एकदा त्यांनी हौसेनं धरून पाहिली होती आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाऊन एक बारही काढला होता. गाल दोन दिवस सुजलेला होता. ती आठवण निघाली की मामाजींच्या मिशा हलायच्या, तेवढंच त्यांचं हसणं.

मग बाबांच्या बंदुकीची पाळी. तिची खोड सगळ्यांना ठाऊक होती, ती डावीकडे ओढायची. काकाजी म्हणत, अशी बंदूक फेकून द्यावी. बाबा म्हणत, "ते डावीकडे ओढते, त मी उजवीकडे धरतो. एवढं त माणसासाठीबी करा लागते."

हे सगळं हसणंखिदळणं चालायचं, पण त्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती तिघांनाही माहीत होती आणि कोणी काढत नसे. काकाजींच्या आजोबांच्या काळी आमच्या भागात मोठ्या शिकारी व्हायच्या. साहेब लोक यायचे, मालगुजार यायचे, मचाणावर बसायचे. आणि जनावर मचाणाकडे हुसकायला खाली जंगलातून हाका करत निघायचे ते आमचे लोक. हातात टिनाचा डबा आणि एक काठी. माझ्या पणज्याच्या पोटरीला अशाच एका हाक्यात छर्रे लागले. साहेबानं मग त्याला एक रुमाल दिला म्हणे. ज्या बंदुकीतून ते छर्रे सुटले, ती कोणाची हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही. पण काकाजींची दुनाळी पाहिली की ते क्षणभर तिच्या नळ्यांकडे पाहायचे, हे मी पाहिलंय.

पुढं आमच्या घरानं बुद्ध धम्म घेतला, डबे फेकले. आणि बाबांनी तरुणपणी मनावर घेतलं की आपल्या घरात बंदूक पाहिजे. गावात हसू झालं. काहींना हसू आलं नाही, त्यांनी विरोध केला. यांना बंदूक कायले? यांच्या बांध्या त केवढ्या! बाबा तहसिलात जात राहिले, चपला झिजवत राहिले. परवाना मिळाला त्या दिवशी त्यांनी बंदूक कापडात न गुंडाळता खांद्यावर टाकली आणि तलावाच्या पाळीवरून, भर गावातून घरी आणली. मी मोठेपणी एकदा विचारलं, एवढा आटापिटा डुकरांसाठी केला का? बाबा म्हणाले, "डुकरं त डबा वाजवूनबी पयतेत. मले डबा नव्हता वाजवायचा."

या एका वाक्यावर मी आजही कोणाशीही भांडायला तयार आहे.

दसऱ्याला काकाजींच्या घरी दुनाळीला हळदकुंकू लागायचं, हार पडायचा. आमच्याकडे त्या दिवशी धम्मचक्र दिन. बाबा विहारातून आले की पांढऱ्या कपड्यातच बंदूक घेऊन अंगणात बसायचे आणि तिला तेल लावायचे. पूजा नाही, फक्त तेल. तेव्हाच त्यांनी मला भरायला शिकवलं. बारुदीचं माप बांबूच्या नळक्याचं, त्यावर नारळाच्या शेंड्यांचा बोळा, गजानं ठासायचं, आणि घोड्याखालची तांब्याची टोपी अगदी शेवटी, बार काढायच्या वेळी. पण हे सगळं नंतर. सगळ्यात पहिला नियम गजाचा. बंदूक हातात घेतली, कोणाचीही असो, की आधी नळीत गज टाकून पाहायचा. पूर्ण आत गेला तर रिकामी. वर उरला तर भरलेली. "बंदूक रिकामी आहे असं बंदुकीनं सांगतलं पाहिजे," बाबा म्हणायचे, "माणसानं सांगतलेलं ऐकायचं नाही."

बाबा गेले ते धान लोंबीवर असताना. संध्याकाळी बांधीतल्या मांडवावर राखणीला गेले आणि तिथंच कोसळले. शेजारच्या बांधीतल्या लोकांनी त्यांना ट्रॅक्टरवर घातलं, मी धावत आले आणि तशीच त्यांच्यासोबत गोंदियाच्या दवाखान्यात गेले. परत आले ती बाबांशिवाय. तोवर कोणीतरी बंदूक मांडवावरून उचलून घरात आणून ठेवली होती. मयत माणसाची बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून भावानं ती दुसऱ्याच दिवशी ठाण्यात नेऊन दिली. मी तेव्हा भिंतीला टेकून बसले होते. बंदुकीचा विचारही माझ्या डोक्यात नव्हता.

दिवस सरले, विधी झाले, आणि भाऊ म्हणाला, "ताई, सरेंडर कर देते हैं. फालतूची झंझट." गोंदियात राहून तो निम्मा हिंदीत बोलतो.

"मी माझ्या नावावर करणार," मी म्हणाले.

"तू? बंदूक?"

"काऊन? तुले चालवता येते का?"

त्याला येत नव्हती. त्यानं कधी गजही हातात धरला नव्हता. तरी त्याला पटलेलं नव्हतं. गावात तर कोणालाच पटलं नाही. बायका म्हणाल्या, बाईमाणसानं कुठं. माणसं म्हणाली, भाऊ असताना बहिणीनं कुठं. मी अर्ज दिला. वारस म्हणून मला परवाना मिळू शकत होता, पण ठाण्याची चौकशी व्हायची होती, आणि चौकशीत गावातल्या प्रतिष्ठित माणसाचं म्हणणं घेतात. आमच्या गावात प्रतिष्ठित माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही. तलावाच्या पाळीवर त्यांचं घर आहे.

मी काकाजींकडे गेले. त्यांनी चहा पाजला, बाबांची आठवण काढली, डोळेही पुसले. मग म्हणाले, "बाई, तुह्या बापाची गोष्ट वेगळी होती. बाईच्या हातात बंदूक मले नाही पटत. पाहू." ते "पाहू" मी ओळखते. आमच्या बांधीला तलावाचं पाणी सोडायची वेळ आली की तेच "पाहू" आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकलंय. मी कप खाली ठेवला आणि उठले. राग इतका आला होता की फाटक ओढून घ्यायचं राहून गेलं आणि त्यांची गाय बाहेर निघाली. मी मुद्दाम केलं असं नंतर गावात पसरलं. मी खोडून काढलं नाही.

अशात निवडणूक लागली. बंदुका जमा करायचा दिवस आला. माझ्याकडे जमा करायला काहीच नव्हतं, बाबांची बंदूक आधीपासून आतच होती. तरी मी स्कूटी काढली आणि ठाण्यात गेले. व्हरांड्यात काकाजी आणि मामाजी बसलेले, मधे बाबांची जागा रिकामी. मी तिथं जाऊन बसले.

"तू कायले आली?" काकाजींनी विचारलं.

"बाबाच्या जागेवर बसाले."

मामाजींनी सरकून थोडी जास्त जागा करून दिली. काकाजींनी तंबाखूची डबी उघडली, बंद केली. गप्पा काही जमेनात. दुनाळीची स्तुती त्यांनी सुरू केली, पण खोकला म्हणून चिडवायला समोर कोणी नव्हतं. मीच म्हणाले, "काकाजी, दुनाळीची काडतुसं आता मिळतेत कुठं? मागच्या साली त तुमच्या बांधीत मले फटाके ऐकू आले." मामाजींच्या मिशा हलल्या. काकाजी लाल झाले.

तेवढ्यात हवालदारानं नव्या बंदुका ठेवायला जागा करावी म्हणून आतल्या जुन्या बंदुका बाहेर आणायला सुरुवात केली. तिसरीच आमची. तांब्याची तार मी लांबूनच ओळखली. त्यानं ती काखेत धरली होती, नळीचं तोंड सरळ बाकाकडे, आमच्या तिघांच्या छातीच्या उंचीवर.

"नळी वर करा," मी उठून म्हणाले. "अन् आधी गज टाका."

हवालदार हसला. "अवो ताई, रिकामी आहे ते. एवढ्या दिवसांची जमा आहे. टोपीबी नाही."

"बंदुकीले विचारा."

"पोरगी बापाचंच बोलून रायली," काकाजी म्हणाले. तेही हसले. हवालदारानं माझी समजूत काढल्यासारखा नळीखालचा गज उपसला आणि वरून आत सोडला. गज गेला, आणि थांबला. नळीच्या तोंडावर चांगला वीतभर वर राहिला.

हवालदाराचा हात एकदम बंदुकीपासून दूर झाला, मग त्याला कळलं की असं करून चालणार नाही, आणि त्यानं ती पुन्हा घट्ट धरली. त्या खोलीत ती बंदूक महिनोन् महिने भरलेली उभी होती. आत-बाहेर करताना तिला कितीदा धक्का लागला असेल!

पहिले बोलले काकाजी. "पाहा. भरलेली बंदूक घरात ठेवत होता इचा बाप. नियम सांगत फिरे दुनियेले. अन् आता इले पाहिजे परवाना."

बाबांनी असं कसं केलं, हेच मनात. मग ती संध्याकाळ डोळ्यांपुढं आली. मांडव, लोंबीवरचं धान, आणि बाबा बार भरून तिथं बसलेले, टोपी खिशात, डुकरांची वाट पाहत. टोपी लावायची वेळच आली नाही. आणि मग माझा आवाज चढला. ठाणं आहे, साहेब आत बसलेत, कशाची पर्वा राहिली नाही.

"घरात नाही ठेवली काकाजी. राखणीले भरली होती, अन् बार काढायच्या आधी माणूस पडला. तिथून उचलली ते माणसानं. घरात आणून ठेवली ते माणसानं. ठाण्यात आणली ते मायाच भावानं. इथं जमा करून घेतली तेबी माणसानंच. एवढ्या हातातून गेली, एकानंबी गज टाकून नाही पाहिला. आता सांगा, बंदूक कोणाच्या हातात नाही शोभत?"

आतून साहेब बाहेर आले. काय झालं ते हवालदारानं सांगितलं, स्वतःचा भाग जरा आखडून. साहेब म्हणाले, "नळीत पाणी ओता, बारूद मरून जाईल."

"पाणी नको," मी म्हणाले. "मी काढते."

मामाजी पहिल्यांदा बोलले. "काढू द्या साहेब. मी उभा आहो ना बाजूले."

गजाच्या दुसऱ्या टोकाला पेच असतो, तो बोळ्यात फिरवून बोळा ओढून काढायचा. अंगणात, नळी भिंतीकडे करून, मी पेच फिरवला. बोळा हलता हलेना. बाबांनी ठासलेला होता तो. त्यांच्या हाताचा जोर अजून त्या नळीत होता आणि मी त्याच्याशी झटत होते. मला रडू येत होतं, पण काकाजींसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी दात खाऊन ओढत राहिले. शेवटी निघाला. नारळाच्या शेंड्यांचा गोळा, तसाच घट्ट. मामाजींनी कागद धरला आणि मी नळी तिरकी केली. बारूद सळसळत खाली आली, सुटी, कोरडी. एवढा पावसाळा त्या ओलसर खोलीत काढूनही कोरडी.

मामाजींनी चिमूट घेऊन वास घेतला. "आजबी बोलन ते," ते म्हणाले. त्यांनी कागदाची पुडी केली आणि हवालदाराला न विचारता आमच्या बंदुकीच्या तारेला दोऱ्यानं बांधून टाकली. हवालदारानं पाहिलं, आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

काकाजींचं म्हणणं घ्यायला ठाण्याचा माणूस नंतर गावात आला, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या फाटकासमोरच्या झाडाखाली उभी होते. लपून नाही, दिसेल अशी. काकाजी खुर्चीत बसले होते. आपल्याला काही म्हणायचं नाही, असं आधी म्हणाले. तो माणूस म्हणाला, काहीतरी लिहावं लागतं. मग काकाजी माझ्याकडे पाहून, मोठ्यानं, चिडून म्हणाले, "लिहा. गज टाकून पाहते. एवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं की आणखी काही, मला ठाऊक नाही. परवाना आला. लवकर नाही आला, पण आला. भावानं फोनवर, "मान गये ताई," म्हटलं आणि घरी येईन तेव्हा बंदूक दुसऱ्या खोलीत ठेव, असंही म्हटलं. मी ठाण्यात गेले, सही केली, गज टाकून पाहिला, आणि बंदूक घेतली. घोंगडी नेली होती, ती डिक्कीतच राहू दिली. देवरीहून गावापर्यंत स्कूटीवर उघडी बंदूक पाठीला लावून आले, आणि गावात शिरताना सरळ रस्ता सोडून तलावाच्या पाळीवरून आले.

त्या वर्षीचं धान पुन्हा लोंबीवर होतं. सूर्य टेकला तशी मी मांडवावर गेले. तारेची पुडी सोडली आणि तीच बारूद भरली, नुसती, आवाजापुरती. वर नवा बोळा. ठासताना बाबांइतका जोर लावून पाहिला. टोपी बसवली, दस्ता खांद्याला लावला, आणि सवयीनं थोडी उजवीकडे धरली, आभाळात डावं-उजवं काही नसतं तरी. चाप ओढला.

खांद्याला असा दणका बसला की मी मांडवावर मटकन बसले. धूर बांधीवर पसरला. तलावावरची बदकं उठली, आवाज पाळीवर आदळून परत आला, आणि गावातली कुत्री एकदम भुंकायला लागली.

थोड्या वेळानं फोन वाजला. काकाजी होते.

"बार कोणाचा होता?"

"भरमारचा," मी म्हणाले. "तलावापल्याड आला का ऐकू?"

मग ते म्हणाले, पहिल्यांदाच हळू आवाजात, "मले वाटलं, तुह्या बापाचा होय."

"त्याईचाच होता काकाजी. सोडला म्या."